डोळ्यांचे अन्न : पिवळ्या रंगद्रव्यांचा इतिहास



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून विद्वानांनी बोलावे आणि गावाने ऐकावे, असा पायंडा महाराष्ट्रात पडला. आम्ही विद्वान नव्हे. आमचे शिक्षण गेटसभांत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. आम्ही वैद्यही नव्हे. तेव्हा डोळ्यांच्या औषधाविषयी बोलण्याचा आम्हांस अधिकार काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर एवढेच की, जी वस्तू कामगाराच्या पगारातून विकत घेतली जाते, तिचा इतिहास तपासण्याचा अधिकार कामगार चळवळीला असतो.

आमच्या मिरा-भाईंदरात औषधाच्या दुकानांतून ‘ल्युटीन’, ‘बीटा-कॅरोटीन’ अशा नावांच्या गोळ्या मांडलेल्या दिसतात. भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणारा कामगार आम्हांस विचारतो, “भाऊ, ही गोळी घेतली तर चष्मा सुटेल का?” प्रश्न साधा आहे, पण त्याचे प्रामाणिक उत्तर द्यावयाचे तर दोन हजार वर्षे मागे जावे लागते.

प्रथम ही द्रव्ये कोणती ते पाहू. गाजराचा केशरी, पपईचा पिवळा, पिकल्या आंब्याचा सोनेरी आणि दसऱ्याच्या तोरणातील झेंडूचा भडक रंग ज्या द्रव्यांमुळे येतो, त्यांच्या कुळाला कॅरोटिनॉइड म्हणतात. माठ, मेथी, अळू, शेवग्याचा पाला यांतही ती भरपूर असतात. मात्र हिरव्या रंगाखाली झाकलेली असतात. ह्या कुळात दोन शाखा आपल्या कामाच्या आहेत. बीटा-कॅरोटीनचे शरीरात ‘अ’ जीवनसत्त्व बनते. ल्युटीन आणि झियाझँथिन यांचे तसे बनत नाही. ती दोन द्रव्ये जशीच्या तशी डोळ्याच्या पडद्यावरील पीतबिंदूत जाऊन बसतात. हा भेद ध्यानात ठेवावा. बाजारातील निम्मा घोटाळा ह्या दोघींची सरमिसळ केल्यामुळे होतो.

रातांधळेपणा हा फार जुना रोग आहे. संध्याकाळ झाली की माणूस चाचपडू लागतो. सकाळी पुन्हा ठीक दिसते. सुश्रुताच्या ग्रंथात ह्या रोगाला नक्तांध्य म्हटले असून त्यावर शेळीचे यकृत खावयास सांगितले आहे. प्राचीन मिसर देशाच्या वैद्यकातही बैलाच्या यकृताचा उपाय होता. जीवनसत्त्व हा शब्दच जेव्हा जन्मला नव्हता, तेव्हा हजारो कोसांच्या अंतरावरील दोन देशांत वैद्यांनी अनुभवावरून एकच वस्तू हेरली. आज आपण जाणतो की, प्राण्याच्या शरीरात ‘अ’ जीवनसत्त्वाचा साठा यकृतातच असतो.

पुढील मजल युरोपात मारली गेली. १८३१ साली वाकेनरोडर ह्या जर्मन रसायनज्ञाने गाजरातून रंगद्रव्य वेगळे केले. गाजराच्या ‘कॅरट’ ह्या नावावरूनच कॅरोटीन हे नाव पडले. १८७६ साली फ्रान्झ बोल याने बेडकाच्या डोळ्याच्या पडद्यात एक तांबूस-जांभळे द्रव्य पाहिले. उजेड लागला की ते फिके पडे आणि अंधारात ठेवले की पुन्हा भरून येई. ह्या दोन शोधांचा एकमेकांशी काही संबंध असेल, हे त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

१९१३ साली अमेरिकेत मॅकॉलम आणि डेव्हिस यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले की लोण्यात आणि अंड्याच्या बलकात असे काहीतरी आहे, की ज्यावाचून वाढ खुंटते. तेच पुढे ‘अ’ जीवनसत्त्व ठरले. १९१९ साली स्टीनबॉक याच्या लक्षात आले की पिवळ्या रंगाच्या भाज्यांत आणि धान्यांत हा गुण आढळतो. पण येथे एक कोडे पडले. यकृताच्या तेलात गुण पुष्कळ, रंग मात्र जवळजवळ नाही. मग रंगाचा आणि गुणाचा संबंध कसा? १९३० साली केंब्रिजच्या टॉमस मूर याने ते सोडविले. उंदराला कॅरोटीन खावयास दिले की त्याच्या यकृतात ‘अ’ जीवनसत्त्व साठते, हे त्याने सिद्ध केले. म्हणजे भाजीतील पिवळे द्रव्य हा कच्चा माल, शरीर हा कारखाना आणि यकृत हे गोदाम. पॉल कारर याने दोन्ही द्रव्यांची रचना उलगडली आणि १९३७ साली नोबेल पारितोषिक मिळविले. १९३३ साली जॉर्ज वॉल्ड याला खुद्द डोळ्याच्या पडद्यातच ‘अ’ जीवनसत्त्व सापडले. बोलने पाहिलेले जांभळे द्रव्य त्यापासूनच घडते. उजेडाने ते मोडते आणि पुन्हा घडविण्यास जीवनसत्त्वाचा पुरवठा लागतो. पुरवठा तुटला की मंद उजेडातील दृष्टी प्रथम जाते. शंभर वर्षांपूर्वीचे गाजर आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा बेडूक असे एका सूत्रात गुंफले गेले.

परंतु ह्या इतिहासाचे एक पान आमच्यासारख्यांनी विशेष लक्ष देऊन वाचण्याजोगे आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात डेन्मार्कमध्ये लहान मुलांचे डोळे कोरडे पडून बुबुळे फुटू लागली, मुले आंधळी होऊ लागली. डेन्मार्क म्हणजे दुधातुपाचा देश! पण लोण्याला परदेशात भाव चढला होता; लोणी बोटींतून बाहेर जात होते आणि गरिबांच्या मुलांच्या वाट्याला लोणी काढलेले दूध येत होते. ब्लॉक नावाच्या डॉक्टरने हे कारण ओळखले. पुढे पाणबुड्यांच्या वेढ्यामुळे निर्यात अडली, देशातले लोणी देशातच राहिले आणि १९१८ साली ते रेशनवर सर्वांना मिळू लागले. त्याबरोबर तो रोग ओसरला. नवा कारखाना निघाला नाही, नवे औषध आले नाही, वाटप बदलले. अर्थशास्त्र डोळ्यांत कसे शिरते, याचा याहून स्पष्ट दाखला आम्हांस ठाऊक नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. कुन्नूर येथे मॅककॅरिसन यांनी उभारलेल्या आणि पुढे एक्रॉइड यांनी चालविलेल्या पोषण प्रयोगशाळेने भारतीय अन्नाचे पृथक्करण करून १९३७ साली कोष्टके प्रसिद्ध केली. आपल्या परसातील स्वस्त पालेभाज्यांत कॅरोटीन किती विपुल आहे, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखविले. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेहून येणारे कॉडचे तेल बंद पडले, तेव्हा मुंबई आणि मद्रास सरकारांनी आपल्या किनाऱ्यावरील मुशीच्या यकृताचे तेल काढण्यास प्रारंभ केला. उत्तन, पाली, चौक येथील आमच्या कोळी बांधवांच्या जाळ्यात येणारी ती मुशीच होय. दवाखान्यातून चमच्याने पाजलेल्या त्या उग्र तेलाच्या मागे दर्यावर राबणारे हात होते, हे विसरता येत नाही.

मग रसायनशास्त्राने मासाही मागे टाकला. १९४७ च्या सुमारास ‘अ’ जीवनसत्त्व कारखान्यात बनू लागले आणि १९५४ पासून बीटा-कॅरोटीनही. गवती चहाच्या तेलातील सिट्रल हा त्याचा एक कच्चा माल. केरळातील ते तेल आणून आमच्या शेजारच्या ठाण्यातील औषध कारखान्यांतही हे जीवनसत्त्व तयार होत असे. वनस्पती तुपात ते मिसळण्याची सक्ती भारतात १९५३ साली झाली. कुन्नूरची प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादेस गेली. डॉ. गोपालन आणि त्यांचे सहकारी यांच्या कामातून १९७० साली राष्ट्रीय कार्यक्रम निघाला : एक ते पाच वर्षांच्या मुलांना दर सहा महिन्यांनी दोन लाख युनिटांचा डोस. रातांधळेपणा आणि बुबुळ फुटून येणारे अंधत्व आपल्याकडे पुष्कळ कमी झाले, त्यात ह्या डोसाचा, गोवराच्या लशीचा आणि सुधारलेल्या आहाराचा वाटा आहे. तरीही डोस हा कायमचा मार्ग नव्हे, मुलांच्या ताटात भाजी आली पाहिजे, हा आग्रह गोपालन यांनी पुढील काळात सोडला नाही.

येथवरचा इतिहास हा उणीव भरून काढण्याचा इतिहास आहे. येथून पुढे निराळा इतिहास सुरू होतो. थोड्याने गुण येतो, तर पुष्कळाने पुष्कळ गुण येईल, असा हिशेब मांडला गेला. व्यापारालाही तो सोयीचा होता. फळे-भाज्या खाणाऱ्यांत कर्करोग कमी आढळतो. तो कदाचित कॅरोटीनमुळे असेल, असे मानून मोठ्या चाचण्या झाल्या. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ साली निकाल लागला तो उलटा : बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक. अमेरिकेतील दुसऱ्या चाचणीत १८ हजारांवर माणसे होती. त्यांत चार हजारांवर अॅस्बेस्टॉसच्या धुळीत काम केलेले कामगार होते. तेथे कर्करोग २८ टक्क्यांनी अधिक दिसला आणि जानेवारी १९९६ मध्ये गोळ्या मुदतीपूर्वी बंद कराव्या लागल्या.

बंधूंनो, हे आकडे वाचताना आमच्या डोळ्यांपुढे मुलुंड-घाटकोपरकडील अॅस्बेस्टॉसचे जुने कारखाने येतात. ज्यांच्या छातीत कारखान्याने धूळ भरली, त्यांच्या हातात शास्त्राने चांगल्या हेतूने गोळी दिली आणि ती गोळी त्यांनाच बाधली. शास्त्राचा मोठेपणा असा की, त्याने स्वतः मोजून, स्वतः प्रसिद्ध केले. म्हणून जो कामगार विडी-सिगारेट ओढतो किंवा पूर्वी ओढत असे, त्याने बीटा-कॅरोटीनच्या मोठ्या डोसाच्या गोळीला शिवू नये, हे आम्ही येथे स्पष्ट सांगतो. भाजीतल्या गाजराला मात्र हे लागू नाही. ते खुशाल खावे.

राहिले ल्युटीन. पीतबिंदू म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या मध्याची ती जागा, की जिच्यामुळे आपण अक्षर वाचतो, सुईत दोरा ओवतो, समोरच्याचा चेहरा ओळखतो. तेथील पिवळा रंग ल्युटीन आणि झियाझँथिन यांचा आहे, हे १९८५ साली बोन आणि लँड्रम यांनी निश्चित केले. निळा प्रकाश शोषून घेण्याचे काम ती करतात. उतारवयात काही जणांचा पीतबिंदू झिजतो. २००१ साली अमेरिकेतील सरकारी नेत्रसंस्थेच्या चाचणीत असे आढळले की, ज्यांची झीज मध्यम अवस्थेत आहे, त्यांनी जीवनसत्त्वे, जस्त आणि बीटा-कॅरोटीन यांचे ठराविक मिश्रण घेतल्यास रोग बळावण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे पाव हिश्शाने घटतो. २०१३ साली ४,२०३ रुग्णांवरील दुसऱ्या चाचणीचा निकाल आला. मूळ मिश्रणात ल्युटीनची भर घातल्याने एकंदरीत अधिक लाभ दिसला नाही. पण बीटा-कॅरोटीन काढून त्या जागी १० मिलिग्रॅम ल्युटीन आणि २ मिलिग्रॅम झियाझँथिन घालणे अधिक सुरक्षित ठरले. ह्या गोळीतील ल्युटीन झेंडूच्या फुलांतून काढतात. कर्नाटक आणि तामिळनाडूत त्यासाठी झेंडूची शेते लावली जातात.

निकाल नीट वाचला पाहिजे. लाभ आहे; पण तो ठराविक रोगाच्या ठराविक अवस्थेतील माणसाला, आणि तोही रोग हळू करण्यापुरता. गेलेली दृष्टी ती परत आणीत नाही. निरोग्याचा रोग ती टाळते, असे त्या चाचण्यांनी सिद्ध केलेले नाही. मोतीबिंदू तिने थांबला नाही. चाळिशी लागते ती डोळ्यातील भिंग ताठर झाल्यामुळे. त्यावर झेंडू काय करणार? काचबिंदू आणि मधुमेहाने पडद्यावर होणारा बिघाड यांना तर वेळीच तपासणी हाच आधार आहे. गोळीच्या भरवशावर तपासणी लांबली, तर नुकसान गोळीच्या किमतीहून फार मोठे होते.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका कारखान्यात आम्ही पॉलिशखात्यासाठी संरक्षक चष्म्यांची मागणी केली होती. व्यवस्थापनाने चष्म्यांऐवजी जीवनसत्त्वाच्या गोळ्यांच्या बाटल्या वाटल्या आणि कामगारांच्या डोळ्यांची काळजी घेतल्याचे सूचनाफलकावर लावले. उडालेला स्टीलचा कण डोळ्यात शिरताना पोटात ल्युटीन आहे की नाही, हे पाहत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने ३५ व्या कलमात डोळ्यांच्या संरक्षणाची आणि १७ व्या कलमात पुरेशा उजेडाची जबाबदारी मालकावर टाकली होती. त्या कलमांचा कागद पुढे ठेवून तीन बैठका झाल्या, तेव्हा चष्मे आले. भाईंदरच्या मिठागरांत पांढऱ्या राशींच्या झळाळीत डोळे बारीक करून ज्यांनी आयुष्य काढले, त्यांना असे कोणते कलम कधी लाभले?

तेव्हा गोळी विचारणाऱ्या बंधूस आमचे उत्तर असे. चष्मा सुटणार नाही. घरात लहान मूल असेल तर त्याचे डोस अंगणवाडीत वेळेवर पुरे करून घ्या. माठ, शेवगा, अळू, भोपळा, गाजर, मोसमात पपई-आंबा खा. भाजीला थोडे तेल असू द्या, कारण ही द्रव्ये तेलावाचून अंगी लागत नाहीत. चाळिशीनंतर डोळे तपासून घ्या. मधुमेह असेल तर दरवर्षी. पीतबिंदूचा विकार निघाला आणि डॉक्टरने गोळी लिहून दिली, तर ती निमूट घ्या आणि विडी ओढत असाल तर ते त्यांना सांगा. डॉक्टरने न सांगितलेली बाटली मात्र दुकानातच राहू द्या आणि त्या पैशांची भाजी घरी न्या.

कॅरोटीनच्या शोधात ज्यांना नोबेल पारितोषिके मिळाली, त्यांना आमचे वंदन आहे. परंतु डेन्मार्कच्या मुलांचे डोळे वाचले ते लोणी सर्वांना सारखे वाटले गेले त्या वर्षी. शोध लावणे हे शास्त्रज्ञांचे काम आहे. तो प्रत्येकाच्या ताटापर्यंत पोचविणे हे संघटित लोकांचे. त्या दुसऱ्या कामाला विद्वत्ता लागत नाही, म्हणूनच ते आपणां सर्वांच्या वाट्याला आले आहे.