ड्राफ्टचे भाकीत आणि मैदानावरचा हिशेब

‘ड्राफ्ट’ पद्धतीत संघ ठरलेल्या क्रमाने, आपापली पाळी आली की एकेक खेळाडू निवडतात. लिलावाप्रमाणे येथे बोली लागत नाही. निवड संपताच क्रीडा विश्लेषक प्रत्येक संघाला गुण देऊन मोकळे होतात. या गुणांवरून खेळाडूंविषयीचे मत बनते आणि चाहत्यांच्या अपेक्षा वाढतात. म्हणूनच त्यांची पारख कशी करावी, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

दोन वेगळी कामे

कोणता संघ कोणाला घेईल, हे सांगणे म्हणजे भाकीत. त्याचा निकाल त्याच दिवशी लागतो. निवड योग्य होती की नाही, हे ठरवणे म्हणजे गुणांकन. त्याला काही हंगाम जावे लागतात. अमेरिकन फुटबॉलच्या ‘एनएफएल’ स्पर्धेत २००० मध्ये टॉम ब्रेडी १९९व्या क्रमांकावर निवडला गेला आणि पुढे त्याने सात वेळा ‘सुपर बाउल’ जिंकला. २००७ मध्ये पहिल्या क्रमांकावर घेतलेला जमार्कस रसेल मात्र तीनच हंगाम टिकला. कॅड मॅसी व रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी अशा निवडी तपासल्या. आधी घेतलेला खेळाडू त्याच जागेवर खेळणाऱ्या पुढच्या खेळाडूपेक्षा सरस ठरण्याचे प्रमाण जेमतेम ५२ टक्के, म्हणजे नाणेफेकीहून थोडेसेच अधिक निघाले.

मुंबईतील अनुभव

इंडियन सुपर लीगमध्येही हेच दिसले. जुलै २०१५ मध्ये मुंबईत निवडक खेळाडूंचा लिलाव झाला. मुंबई सिटीने सुनील छेत्रीला १ कोटी २० लाखांना, तर पुणे सिटीने युजीनसन लिंगडोहला १ कोटी ५ लाखांना घेतले. त्या हंगामात आठ संघांत मुंबई सहावी व पुणे सातवे आले. छेत्रीने मात्र सात गोल केले. संघाच्या अपयशाचे खापर एका निवडीवर फोडता येत नाही, ते यामुळेच.

जुलै २०१७ मध्ये मुंबईतच झालेल्या ड्राफ्टमध्ये मानधन आधीच ठरलेले होते. प्रत्येकी १ कोटी १० लाखांचे अनस एडथोडिका व लिंगडोह अनुक्रमे जमशेदपूर व एटीके या संघांकडे गेले. दहा संघांत जमशेदपूर पाचवे, तर एटीके नववे राहिले.

पारख कशी करावी?

विश्लेषकाने आपले अंदाज निवडीपूर्वी लेखी मांडले होते का, हे प्रथम पाहावे. खेळाडूची तुलना त्याच्यानंतर निवडल्या गेलेल्या, त्याच जागेवरच्या खेळाडूंशी करावी. दुखापत, प्रशिक्षक व मिळालेली संधी यांचा हिशेब वेगळा ठेवावा. एखाद्या अचूक अंदाजावर न भुलता अनेक वर्षांची सरासरी पाहावी. तीन हंगामांनंतर आपलेच जुने गुण पुन्हा तपासून जाहीर करणारा विश्लेषक अधिक विश्वासार्ह मानावा.