आधी चाक, मग चकाकी



पोळ्याचा सण आपल्या परिचयाचा. त्या दिवशी बैलाची शिंगे रंगवतात, पाठीवर झूल घालतात आणि वाजतगाजत मिरवणूक काढतात. परंतु त्याच्या आदल्या संध्याकाळी काय करतात, ते आठवून पाहा. आदल्या संध्याकाळी असते खांदेमळणी. वर्षभर ज्या खांद्याने जू ओढले, तो खांदा हळद नि लोणी लावून चोळायचा. म्हणजे आधी खांदा, मग शिंग. जिथे झीज होते त्या जागेची निगा आधी, शोभा नंतर.

आज मी तुम्हांला मोटारीची चाके आणि तिचा रंग यांची हकिकत सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, यात इतिहास तो कसला? पण शे-सव्वाशे वर्षांत माणसाने चाकांसाठी आणि रंगासाठी जे कष्ट उपसले, जे गुन्हे केले नि जे शोध लावले, ते कुठल्याही राजाच्या बखरीइतकेच ऐकण्यासारखे आहेत. आणि आज गावोगाव मोटारसायकल आहे, ट्रॅक्टर आहे, चार घरांपुढे मोटारही उभी आहे. तेव्हा विषय परका नाही.

आपल्या गाडीचे चाक डोळ्यांपुढे आणा. मध्ये तुंबा, त्यातून निघालेले आरे, बाहेर लाकडी घेर आणि त्यावर लोखंडी धाव. लोहार धाव लाल होईपर्यंत तापवतो, चाकावर चढवतो आणि वर पाणी ओततो. धाव आकसते आणि सगळे लाकूड आवळून धरते. उन्हाळ्यात लाकूड सुकले की आरे करकरतात. मग गाडीवान चाक पाण्यात घालून ठेवतो, लाकूड फुगते, चाक पुन्हा घट्ट होते. आता गंमत पाहा. अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या सुरुवातीच्या अनेक मोटारींची चाकेही लाकडी आऱ्यांचीच होती. १९२० नंतरही कित्येक वर्षे तशी चाके रस्त्यावर दिसत. ती सुकून करकरू लागली, की मोटारवालेही तोच उपाय करीत. गाडी ओढ्याच्या पाण्यात उभी करीत! चाकाची निगा राखण्याची पहिली विद्या मोटारवाल्यांना गाडीवानांकडूनच मिळाली, असे म्हणावयास हरकत नाही.

जर्मनीतल्या कार्ल बेंझने १८८६ साली आपल्या तीन चाकी मोटारीचे पेटंट घेतले. तिच्या चाकांना सायकलसारख्या तारा होत्या आणि वर भरीव रबर होते. हे रबर आले कुठून? झाडाच्या चिकाचे कच्चे रबर उन्हाने पाघळे आणि थंडीने तडके. अमेरिकेच्या चार्ल्स गुडइयरने १८३९ साली त्यात गंधक घालून तापवले, तेव्हा ते टिकाऊ झाले. १८४५ साली रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने हवेच्या धावेचे पेटंट काढले. पण ते मागे पडले. पुढे १८८७ साली बेलफास्ट शहरातल्या जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीन चाकी सायकलीला हवा भरलेली रबरी नळी बसवली आणि १८८८ साली पेटंट घेतले. हा डनलॉप कोण होता, ठाऊक आहे? तो होता गुरांचा डॉक्टर! आपल्याकडे बैलगाडीला टायर आले, तेव्हा लोक त्या गाडीला डनलॉप गाडी म्हणू लागले. गुरांच्या डॉक्टरच्या नावाने बैलांचे ओझे हलके व्हावे, हा योग मोठा सुंदर आहे.

फ्रान्सच्या मिशेलिन बंधूंनी १८९५ साली पॅरिस ते बोर्दो आणि परत, अशा शर्यतीत हवेच्या टायरांची मोटार उतरवली. वाटेत टायर पुन्हापुन्हा फुटले. शर्यत काही त्यांनी जिंकली नाही, पण हवेवर मोटार चालते एवढे जगाला दिसले. त्या काळचे टायर काळे नव्हते बरे का! ते फिकट, पांढुरके असत. १९१० च्या सुमारापासून रबरात काजळी मिसळू लागले आणि टायर कितीतरी अधिक टिकू लागला. चुलीवरच्या भांड्याला बसते तिच्याच जातीची ही काजळी. ज्याला आपण मळ समजतो, तीच वस्तू योग्य जागी पडली की बळ देते.

पण या कथेची एक काळी बाजू आहे आणि ती झाकून इतिहास सांगू नये. सायकली आणि मोटारी वाढल्या, तशी रबराची मागणी वाढली. आफ्रिकेतला कांगो हा प्रदेश १८८५ पासून १९०८ पर्यंत बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याच्या खाजगी ताब्यात होता. तिथल्या लोकांना धाकदपटशा दाखवून रानातले रबर गोळा करायला लावले. ठरलेले वजन भरले नाही तर फटके, ओलीस, हातसुद्धा तोडणे, असे प्रकार घडले. जगभर बोभाटा झाला, तेव्हा कुठे १९०८ साली राजाचा ताबा गेला. युरोपातल्या गुळगुळीत रस्त्यावरून मऊ चालणाऱ्या चाकाखाली कुणाची तरी जिंदगी होती. म्हणून टायर फुकट झिजवू नये, हा विचार केवळ काटकसरीचा नाही. पुढे ब्राझीलच्या बियांपासून श्रीलंका, मलाया आणि आपल्या केरळातही रबराचे मळे उभे राहिले आणि रानातल्या रबराची सद्दी संपली.

आता रंगाकडे वळू. पहिल्या मोटारींचा रंग घोडागाडीचाच होता. जवसाच्या तेलाचे रोगण, ब्रशाने द्यायचे. एक हात द्यायचा, सुकू द्यायचा, घासायचा, मग दुसरा हात. असे अनेक हात होत आणि एका गाडीला कित्येक आठवडे लागत. रंग सुकेपर्यंत गाड्या ओळीने उभ्या! इकडे हेन्री फोर्डच्या कारखान्यात १९१३ साली सरकत्या साखळीवर जोडणी सुरू झाली. मोटारीचा सांगाडा जोडायला पूर्वी बारा तासांहून अधिक लागत, ते काम दीड तासावर आले. मोटार दीड तासात आणि रंग महिन्याने, हे जमावे कसे? फोर्डने काळे रोगण भट्टीत भाजून सुकवण्याची रीत धरली. १९१४ पासून १९२५ पर्यंत त्याची प्रसिद्ध मॉडेल टी गाडी काळ्या रंगातच मिळे. त्याआधी ती लाल, हिरवी, निळी, करडी अशीही मिळत होती. काळा रंग ही हौस नव्हती, ती घाई होती.

कोंडी फोडली ती ड्यूपॉन्ट कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी. कापसावर नत्राम्लाची क्रिया केली की एक ज्वालाग्राही पदार्थ बनतो. पहिल्या महायुद्धात तोफा-बंदुकांची दारू त्यापासून होत असे. युद्ध संपले. त्याच जातीच्या पदार्थापासून झटपट वाळणारे रोगण तयार झाले. त्याचे नाव ड्युको. १९२३ साली ओकलंड नावाची मोटार या निळ्या रंगात लोकांपुढे आली. आठवड्यांचे काम तासांवर आले आणि रंगांची बाग फुलली. आजही आपल्याकडे फवाऱ्याने दिलेल्या गुळगुळीत रंगाला सुतार आणि रंगारी ड्युको म्हणतात. तो शब्द असा आला.

आणि हा फवारा कुणाचा? अमेरिकेत टोलेडो शहरी डीव्हिलबिस नावाचे घशाचे डॉक्टर होते. रोग्याच्या घशात औषध उडवण्यासाठी त्यांनी फवारणी बनवली. त्यांच्या मुलाने १९०७ साली तिच्यावरून रंगाची पिचकारी तयार केली. टायर दिला गुरांच्या डॉक्टरने, रंगाची पिचकारी आली घशाच्या डॉक्टरच्या घरातून! मात्र ज्या पिचकारीचा उगम घसा बरा करण्यात, तिनेच पुढे रंगाऱ्यांच्या छातीत रंगाची वाफ भरली. तोंडाला योग्य मुखवटा न बांधता हे काम करणारा कारागीर आपल्या चकाकीची किंमत आपल्या श्वासाने भरतो. गावातला कुणी तरुण या धंद्यात असेल, तर शिक्षकांनी त्याला हे अवश्य सांगावे.

ड्युकोचा रंग उन्हापावसाने लवकर मंद पडे आणि घासला की पुन्हा चमके. हौशी मालकांच्या सुटीच्या दिवसाचा उद्योग इथून वाढला. पॉलिश, मेण आणि मऊ फडके. या मेणात ब्राझीलच्या कार्नोबा नावाच्या ताडाचे मेण असते. कोरड्या हवेत पानातले पाणी उडू नये म्हणून ते झाड पानांवर मेण धरते. मधमाशीचे मेण सुमारे ६३ अंशांना वितळते, तर हे ८० अंशांच्याही वर. म्हणून उन्हातल्या पत्र्यावर ते टिकते.

पण एक गोष्ट हौशी माणसे विसरतात. मेण रंगावर चढते, पॉलिश मात्र रंग खरवडते. हल्लीच्या मोटारीवर अस्तर, रंग आणि वरचे पारदर्शक रोगण मिळून जाडी साधारण मिलिमीटरचा दहावा हिस्सा. वरचे रोगण तर माणसाच्या केसाहूनही पातळ. दर महिन्याला घासत बसाल, तर चकाकीच्या नादात गाडीची कातडीच निघेल.

हौशी मंडळींमध्येही यावरून वाद आहे. इंग्लंडात जुन्या मोटारींची लंडन ते ब्रायटन फेरी १९२७ साली पुन्हा सुरू झाली. अमेरिकेत पेबल बीच येथे १९५० पासून देखण्या मोटारींची स्पर्धा भरते. तिथे पूर्वी नव्याहून नवी दिसणारी गाडी वाखाणत. आता न रंगवलेल्या, मूळ अंगाच्या जुन्या गाडीलाही मान मिळतो. मला हा विचार पटतो. जुना रंग हा कागदपत्रासारखा पुरावा आहे. एकदा खरवडला की परत लिहिता येत नाही. जुन्या देवळाला ऑइलपेंट फासणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली पद्मिनी काळ्यापिवळ्या रंगात मुंबईची ओळख झाली होती. ती टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून कायमची गेली. पण तो काळापिवळा रंग डोळ्यांत राहिला. रंगाला स्मृती असते ती अशी.

आता कामाच्या चार गोष्टी. धूळ कोरड्या फडक्याने कधी पुसू नका. धुळीतली वाळू रंगाहून कठीण असते, ती ओरखडे काढते. आधी पाणी सोडा, मग वरून खाली धुवा. साबणाच्या पाण्याची बादली एक, फडके खळबळण्याची दुसरी. चाकांचे फडके नि बादली निराळी, कारण चाकावर ब्रेकमधून झडलेला लोखंडाचा चुरा असतो. चाके आधी धुवा, म्हणजे त्यांचा चिखल धुतलेल्या अंगावर उडत नाही. भर उन्हात धुऊ नका. आणि गाडी ओढ्यात किंवा नदीत नेऊन तर मुळीच धुऊ नका. लाकडी चाकाला पाणी पाजणे निराळे आणि प्यायच्या पाण्यात तेल सोडणे निराळे. टायरची हवा गाडी थंड असताना पाहा. टायरच्या खाचांत बारीक उंचवटे असतात, त्यांची उंची १.६ मिलिमीटर. रबर झिजून त्यांच्या पातळीला आले, की टायर बदलायचा. गुळगुळीत टायरची गाडी पावसात थांबत नाही, मग तिचा रंग आरशासारखा का असेना.

शिक्षकबंधुभगिनींनो, तुमच्या खडूचा इथे उपयोग आहे. टायरवर आडवी जाड रेघ ओढा आणि गाडी सपाट जागी थोडी पुढे सरकवा. रेघ मधोमध आधी पुसली, तर हवा जास्त. कडेला आधी पुसली, तर हवा कमी. चाकावरचा वाळलेला काळा चुरा कागदावर घ्या आणि खालून लोहचुंबक फिरवा, लोखंड नाचताना दिसेल. मेण लावलेल्या पत्र्यावर पाणी शिंपडा, अळूच्या पानावरच्यासारखे थेंब गोल होतील. मुलांना यातून रसायन कळेल, इतिहासही कळेल.

दसऱ्याला आपण गाडी धुतो, झेंडूचा हार घालतो. हार अवश्य घाला. पण त्याआधी खाली वाकून चारही चाकांकडे एकदा नीट पाहा. ती गाडीची खांदेमळणी समजा.