पाण्याखालचा श्वास

मोती काढणारा पाणबुड्या दम छातीत भरून बुडी मारतो. तो संपला की वर. पुढे १८३७ च्या सुमारास सीबेने इंग्लंडात धातूच्या शिरस्त्राणाचा बंद पोशाख केला. पण पायांत शिशाचे जोडे आणि वर नावेपर्यंत हवेची नळी. माणूस जणू दाव्याला बांधलेला!

फ्रेंच नौदलातील झाक कुस्तोला हे दावे नको होते. ल प्रियरचे नळकांडे नावेपासून मोकळीक देई, पण हवा सारखी वाहून लवकर संपे. शुद्ध प्राणवायूचे यंत्रही त्याने पारखले. मात्र काही मीटर खोलीवर प्राणवायूच विषारी ठरतो! दोनदा त्याला झटके आले. कमरेचे वजन सोडता आले, म्हणून बचावला.

युद्धात पेट्रोल मिळेना, म्हणून एमिल गान्यांने मोटारींना गॅस पुरवणारी झडप केली होती. तिच्यावरूनच दोघांनी श्वासापुरतीच हवा सोडणारी झडप घडवली. १९४३ त मार्न नदीत चाचणी झाली. आडवे पोहताना ठीक. उभे राहताच हवा भसाभस वाहू लागे, उलटे होताच श्वास अडे. हवा येण्याजाण्याच्या वाटांत सहा इंचांचे अंतर होते, एवढाच दोष! त्या शेजारी आणल्या.

जूनमध्ये कुस्तो भूमध्य समुद्रात उतरला. पत्नी सिमोन वर तरंगत पाहत होती. त्याने खाली कोलांट्या मारल्या आणि वर येताना तिच्यासाठी शेवंडी आणल्या.