सॉफ्टवेअरचे अद्ययावतीकरण आणि स्मार्टफोनच्या बॅटरीचा प्रश्न : एक ऐतिहासिक अभ्यास (२००७ ते २०२५)

प्रस्तावना :

स्मार्टफोनचे सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यानंतर बॅटरी पूर्वीपेक्षा लवकर उतरू लागते, ही तक्रार आज सर्वपरिचित आहे. बँकेचे व्यवहार, रेल्वेचे आरक्षण, परीक्षेचे अर्ज आणि विद्यार्थ्यांशी होणारा दैनंदिन संपर्क ज्या यंत्रावर अवलंबून आहे, ते यंत्र दुपारीच बंद पडू लागले, तर ती केवळ गैरसोय राहत नाही. या तक्रारीवर सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. 'फोन जुना झाला, नवा घ्या' हे पहिले उत्तर. 'नवा फोन खपावा म्हणून कंपनी मुद्दाम असे करते' हे दुसरे. दोन्ही उत्तरांत एक साम्य आहे. निदान करण्यापूर्वीच त्यांत निकाल दिलेला असतो.

प्रस्तुत लेखात २००७ ते २०२५ या कालखंडातील काही प्रमुख घटनांच्या आधारे या प्रश्नाचा इतिहास तपासला आहे. या इतिहासावरून दोन गोष्टी दिसून येतात. पहिली, लक्षण एकच असले तरी त्यामागील कारणे किमान पाच प्रकारची आहेत. दुसरी, कोणते कारण लागू आहे हे ओळखण्यासाठी आवश्यक असलेली माहिती वापरकर्त्याच्या हाती एकाच वेळी आलेली नाही. ती टप्प्याटप्प्याने आली, आणि तिचा एक महत्त्वाचा भाग तर लोकक्षोभानंतरच मिळाला.

काढता येणाऱ्या बॅटरीचा कालखंड :

ऑगस्ट २००७ मध्ये नोकिया कंपनीने बीएल-५सी या बॅटरीविषयी जगभर सूचना प्रसृत केली. मात्सुशिता या जपानी उत्पादकाने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात तयार केलेल्या सुमारे ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्ज होताना जास्त तापण्याची शक्यता होती. भारतात त्या वेळी नोकियाचे फोन घरोघरी होते, त्यामुळे येथेही या सूचनेने मोठी खळबळ उडाली. तथापि, या घटनेतील निदानाची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. वापरकर्त्याने फोनचे मागचे झाकण काढावयाचे, बॅटरीवर छापलेले नाव व क्रमांक वाचावयाचा आणि तो कंपनीच्या यादीशी ताडून पाहावयाचा. दोष बॅटरीत होता आणि बॅटरी हातात घेऊन पाहता येत होती.

त्याच वर्षी जूनमध्ये बाजारात आलेल्या आयफोनची बॅटरी वापरकर्त्याला काढता येत नव्हती. पुढील दशकात बहुतेक सर्व उत्पादकांनी हीच रचना स्वीकारली. परिणामी बॅटरीची स्थिती जाणून घेण्यासाठी वापरकर्त्याला पडद्यावर दिसेल तेवढ्याच माहितीवर विसंबावे लागले. पडद्यावर काय दाखवायचे हे मात्र कंपनी ठरवीत होती.

२०११ : कार्यप्रणालीतील दोष

१२ ऑक्टोबर २०११ रोजी ॲपलने आयओएस ५ ही कार्यप्रणाली प्रसृत केली. संगणकाला न जोडता, थेट फोनवरच पुढील अद्ययावतीकरण घेण्याची सोय आयफोनमध्ये या आवृत्तीपासून सुरू झाली. लवकरच बॅटरी झपाट्याने उतरत असल्याच्या तक्रारी वाढल्या. फोनचे स्थान वारंवार तपासणारी वेळक्षेत्राची सोय बंद करून पाहावी, असा उपाय वापरकर्ते एकमेकांना सुचवीत होते. नोव्हेंबरच्या प्रारंभी कंपनीने बॅटरीवर परिणाम करणारे काही दोष आढळल्याचे मान्य केले आणि १० नोव्हेंबर रोजी आयओएस ५.०.१ ही दुरुस्ती दिली. ही दुरुस्ती थेट फोनवर पोहोचलेले पहिलेच सार्वजनिक अद्ययावतीकरण ठरली. ज्या मार्गाने दोष घरोघरी पोहोचू शकतो, त्याच मार्गाने त्याचा उपायही पोहोचू शकतो, हे यावरून स्पष्ट झाले.

वीजखर्चाचा हिशेब दाखविणारी साधने :

कोणते ॲप किती वीज वापरते हे सांगणारा तक्ता अँड्रॉइडच्या १.६ या आवृत्तीत २००९ मध्ये आला. आयफोनमध्ये ॲपनिहाय हिशेब २०१४ च्या आयओएस ८ पासून दिसू लागला. २०१४ च्या अँड्रॉइड ५.० मध्ये वीजबचतीसाठी स्वतंत्र प्रकल्प राबविण्यात आला, तर २०१५ च्या अँड्रॉइड ६.० मध्ये फोन स्थिर पडून असताना पार्श्वभूमीतील कामे लांबणीवर टाकणारी 'डोझ' ही व्यवस्था आली. या साधनांमुळे वीज कशावर खर्च होते ते कळू लागले. परंतु खर्च कळला तरी मूळ साठा किती उरला आहे हे कळत नव्हते. घरखर्चाची वही नीट लिहिलेली असावी आणि तिजोरीत किती शिल्लक आहे ते मात्र ठाऊक नसावे, तशी ही स्थिती होती. पुढील वाद याच उणिवेतून निर्माण झाला.

२०१७ : वृद्ध बॅटरी आणि न सांगितलेला उपाय

लिथियम-आयन बॅटरी सोनी कंपनीने १९९१ मध्ये प्रथम बाजारात आणली. तिच्या शोधासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या बॅटरीचे वार्धक्य दोन प्रकारे प्रकट होते. तिची साठवणक्षमता घटते आणि तिचा अंतर्गत रोध वाढतो. दुसरा बदल अधिक फसवा आहे. कॅमेरा किंवा एखादे जड ॲप सुरू होताना क्षणभर मोठा विद्युत्प्रवाह लागतो. रोध वाढलेल्या बॅटरीचा दाब त्या क्षणी एकदम कोसळतो आणि पडद्यावर ३० टक्के चार्ज दिसत असतानाही फोन बंद पडतो. थंडीत हा दोष अधिक जाणवतो.

२०१६ मध्ये आयफोन ६ आणि ६एस यांच्याबाबत अशा तक्रारी वाढल्या. जानेवारी २०१७ मध्ये आलेल्या आयओएस १०.२.१ नंतर अचानक बंद पडण्याचे प्रमाण ६एसमध्ये ८० टक्क्यांहून अधिक आणि ६ मध्ये ७० टक्क्यांहून अधिक घटल्याचे ॲपलने फेब्रुवारीत जाहीर केले. बॅटरी थकली असल्यास प्रोसेसरचा कमाल वेग कमी करणे, हा त्यामागील उपाय होता. मात्र वापरकर्त्यांना ही गोष्ट स्पष्टपणे सांगितली गेली नव्हती.

डिसेंबर २०१७ मध्ये एका वापरकर्त्याने बॅटरी बदलल्यानंतर आपल्या फोनचा वेग पूर्ववत झाल्याची मोजमापे प्रसिद्ध केली. त्यानंतर १८ डिसेंबर रोजी 'गीकबेंच' या चाचणी सॉफ्टवेअरचे निर्माते जॉन पूल यांनी निरनिराळ्या आवृत्त्यांवरील मोजमापांची तुलना मांडली. वेगातील घट बॅटरीच्या वयाबरोबरच विशिष्ट आवृत्त्यांशीही निगडित असल्याचे तीतून दिसले. दोन दिवसांत ॲपलने या उपायाची कबुली दिली आणि २८ डिसेंबर रोजी ग्राहकांची क्षमा मागितली. वॉरंटीबाहेरील बॅटरी बदलण्याचा दर अमेरिकेत ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणण्यात आला. भारतात तो सुमारे ६,५०० रुपयांवरून करांव्यतिरिक्त २,००० रुपयांवर आला. २९ मार्च २०१८ रोजी आलेल्या आयओएस ११.३ मध्ये बॅटरीची उरलेली कमाल क्षमता दाखविणारी आणि वेगावरील मर्यादा बंद करण्याची मुभा देणारी सोय मिळाली.

यानंतर नियामक संस्थांनी व न्यायालयांनी दखल घेतली. ऑक्टोबर २०१८ मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने ॲपलला १ कोटी युरो आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड केला. सॅमसंगवरील कारवाई नोट ४ या जुन्या फोनवर नव्या फोनसाठी घडविलेली आवृत्ती घेण्यास उद्युक्त केल्याबद्दल होती. फ्रान्सने फेब्रुवारी २०२० मध्ये पुरेशी माहिती न दिल्याबद्दल ॲपलला २.५ कोटी युरोंचा दंड केला. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतील सामूहिक दाव्यात कमाल ५० कोटी डॉलरची तडजोड झाली. कंपनीने गैरकृत्य मान्य केले नाही. येथे आक्षेपाचे स्वरूप नेमके समजून घेणे आवश्यक आहे. थकलेल्या बॅटरीला सांभाळून घेण्याचा उपाय तांत्रिकदृष्ट्या समर्थनीय होता. दोष त्याच्या मौनात होता. बॅटरी बदलून जे फोन आणखी दोन-तीन वर्षे चालले असते, ते मंद झाले म्हणून टाकून देण्याची वेळ त्या मौनामुळे ग्राहकांवर येऊ शकत होती.

सुरक्षिततेसाठी लादलेली मर्यादा :

चौथ्या प्रकारात बॅटरी कमी काळ टिकणे हाच अद्ययावतीकरणाचा हेतू असतो. सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ ला आगी लागू लागल्यानंतर सप्टेंबर २०१६ मध्ये दक्षिण कोरियात त्याचे चार्जिंग ६० टक्क्यांवर थांबविणारे अद्ययावतीकरण देण्यात आले, आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेतील उरलेल्या फोनांचे चार्जिंगच बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये विमानात या फोनच्या वापराला मनाई केली होती. जानेवारी २०२५ मध्ये गुगलने पिक्सेल ४ए साठी दिलेल्या अद्ययावतीकरणाने काही फोनांच्या बॅटरीची उपलब्ध क्षमता व चार्जिंग कमी केले. कंपनीने बाधित ग्राहकांना मोफत बॅटरीबदलासह काही पर्याय देऊ केले. ऑस्ट्रेलियातील ग्राहकसूचनेत अतितापाचा धोका स्पष्टपणे नमूद होता. अशा वेळी जुनी आवृत्ती परत बसविण्याची खटपट उपयोगाची तर नाहीच, उलट धोक्याची आहे.

ॲपमधील विसंगती आणि तात्पुरती कामे :

सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ तापत असल्याच्या तक्रारी आल्या. आयओएस १७ मधील एका दोषाबरोबरच इन्स्टाग्राम, उबर आणि ॲस्फाल्ट ९ या ॲप्सच्या नव्या आवृत्त्यांमुळे प्रोसेसरवर जादा भार येत असल्याचे ॲपलने सांगितले. ४ ऑक्टोबरला आयओएस १७.०.३ ही दुरुस्ती आली. उष्णता ही अखेर बॅटरीतून खर्ची पडलेली वीजच असते.

राहिला पाचवा आणि सर्वांत निरुपद्रवी प्रकार. नवी आवृत्ती आल्यावर फोन छायाचित्रे व मजकूर यांची शोधासाठी नव्याने सूची करतो, आवश्यक घटक उतरवून घेतो आणि ॲप्स अद्ययावत करतो. या कामांमुळे बॅटरीवर तात्पुरता परिणाम होणे स्वाभाविक असल्याचे ॲपलने सप्टेंबर २०२५ मध्ये आयओएस २६ च्या वेळी आपल्या माहितीपत्रात नमूद केले. हीच साधी माहिती वापरकर्त्याला आधी मिळाली, तर पुढचा बराच संशय टळतो.

निदानाचा क्रम :

वरील घटनांवरून तपासणीचा एक क्रम सुचतो. प्रथम काही दिवस थांबावे, फोन एकदा बंद करून सुरू करावा आणि सर्व ॲप्स अद्ययावत करावीत. तात्पुरत्या कामांचा प्रश्न येथेच सुटतो. त्यानंतर वीजखर्चाचा तक्ता पाहावा. एखादेच ॲप पार्श्वभूमीत फार वीज घेत असल्यास त्याची परवानगी मर्यादित करावी किंवा ते काढून टाकावे. तक्त्यात कोणतेही एक ॲप दोषी दिसत नसेल, तर फोनमध्ये सोय असल्यास बॅटरीची कमाल क्षमता पाहावी. आयफोन १४ पर्यंतच्या फोनांची बॅटरी ५०० पूर्ण चार्जनंतर ८० टक्के क्षमता राखेल अशा बेताने घडविलेली असल्याचे ॲपल सांगते. क्षमता ८० टक्क्यांच्या खाली असल्यास बॅटरी बदलणे हा योग्य उपाय होय. क्षमता चांगली असूनही त्रास चालूच राहिला, तर कार्यप्रणालीतील दोषाची शक्यता धरून पुढील दुरुस्तीची वाट पाहावी. आपल्या फोनविषयी सुरक्षिततेची सूचना निघाली आहे काय, हे मात्र कोणत्याही टप्प्यावर पाहून घ्यावे. बॅटरी फुगली असल्यास किंवा फोन असह्य तापत असल्यास हा क्रम बाजूला ठेवून वापर तत्काळ थांबवावा. सर्व माहिती पुसून फोन मूळ स्थितीत आणणे हा शेवटचा उपाय आहे. तो प्रथम करणे म्हणजे कारण न शोधता पुरावा पुसून टाकणे होय.

निष्कर्ष :

तात्पुरती कामे, ॲपमधील विसंगती, कार्यप्रणालीतील दोष, बॅटरीचे वार्धक्य आणि सुरक्षिततेसाठी लादलेली मर्यादा या पाच कारणांचे बाह्य लक्षण जवळपास सारखेच असते. मात्र उपाय परस्परविरुद्ध असू शकतात. कोठे वाट पाहणे हिताचे, कोठे बॅटरी बदलणे, तर कोठे फोन वापरणे थांबविणे हिताचे ठरते. हा भेद केवळ अनुभवाने करता येत नाही. त्यासाठी उत्पादकाजवळ असलेली माहिती वापरकर्त्यापर्यंत पोहोचावी लागते.

युरोपीय संघाने या दिशेने कायदेशीर पाऊल उचलले आहे. २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार स्मार्टफोनची बॅटरी ८०० चार्जनंतरही किमान ८० टक्के क्षमता राखणारी असावी, अशी अपेक्षा आहे. बॅटरी वापरकर्त्याला स्वतः बदलता यावी, या तरतुदीसाठी १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख ठरविण्यात आली आहे. भारतातही ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू केले. २००७ मध्ये बॅटरीच्या पाठीवर छापलेला क्रमांक कोणालाही वाचता येत होता. ते झाकण आता बंद झाले आहे. अद्ययावतीकरण स्वीकारण्यापूर्वी त्याचा बॅटरीवर होणारा परिणाम ग्राहकाला त्याच्या भाषेत सांगितला गेला पाहिजे, ही मागणी म्हणूनच तांत्रिक सोयीपुरती मर्यादित नाही. विकत घेतलेल्या वस्तूवरील मालकाच्या हक्काचा तो भाग आहे.