विक्रेता आणि संपादक : शंकरराव किर्लोस्कर



१९२० साली आपल्या हैदराबादेत लक्ष्मणराव फाटकांनी ‘निजाम विजय’ सुरू केले. राज्यकारभार उर्दूत आणि पाठीशी कारखाना नाही, अशा स्थितीतले ते साहस होते. त्याच वर्षी औंध संस्थानातील किर्लोस्करवाडीत शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. त्यांच्यामागे मात्र चुलते लक्ष्मणराव यांचा नांगरांचा कारखाना होता. त्याची जाहिरात व विक्री शंकरराव पाहत. एके काळी हैदराबादेत राहिलेल्या पंडित सातवळेकरांकडे गिरवलेली चित्रकला तेथे उपयोगी पडली.

‘खबर’ प्रथम कारखान्याचीच पत्रिका होती. पुढे तिचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघाले. गिऱ्हाइकाची मर्जी राखणे हा विक्रेत्याचा धर्म. तरीही रूढी व अंधश्रद्धा यांवर प्रहार करणारे सावरकरांचे लेख छापताना श्रद्धाळू गिऱ्हाईक दुरावेल, हे भय शंकररावांनी बाळगले नाही. वाचकाची नाराजी पत्करण्याची ही तयारी हेच संपादकाचे खरे स्वातंत्र्य होय. भांडवल कोणाचे, हा प्रश्न त्यानंतरचा.