‘संकलन’ : एका संज्ञेचा अर्थविचार

इंग्रजीत ग्रंथाचा आणि चित्रपटाचा ‘एडिटर’ एकच. मराठीने मात्र ग्रंथाला संपादक दिला आणि चित्रपटाला संकलक. वाङ्मयव्यवहारात संकलकाचा मान संपादकाहून कमी. विखुरलेले एकत्र करणे एवढेच त्याचे काम समजले जाते. तीच गौण छटा चित्रपटाच्या संकलकालाही चिकटली आणि समीक्षेत तो बहुधा अनुल्लेखित राहिला.

वस्तुतः या शब्दाचे कूळ गणितातही आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) ‘संकलित’ म्हणजे बेरीज व ‘व्यवकलित’ म्हणजे वजाबाकी. चित्रपटकलेला या दोन्ही क्रिया लागतात. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) निर्माण करण्यापूर्वी दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थांबून थांबून, एकेक चौकट टिपून पडद्यावर दाखविली. मधला काळ वगळला म्हणूनच ती वाढ डोळ्यांना दिसली; ही वजाबाकी होय. उलट, १९२० च्या सुमारास रशियात कुलेशॉव्हने नटाचा एकच निर्विकार चेहरा निरनिराळ्या दृश्यांना जोडला, तेव्हा त्या चेहऱ्यावर प्रेक्षकांना निरनिराळे भाव दिसले, असे सांगतात. हा अर्थ सुट्या चित्रांत नव्हता, तो बेरजेतून उपजला.

इंग्रजी ‘कट’ छेदावर बोट ठेवतो, फ्रेंच ‘मोंताज’ जुळणीवर. आपले ‘संकलन’ मोंताजच्या बाजूचे आहे. संज्ञा बदलण्याचे कारण नाही. मात्र तिच्यात व्यवकलनही गृहीत धरले पाहिजे. कथा, संवाद आणि अभिनय यांवर थांबणारी समीक्षा चित्रपटाचे साहित्य तेवढे पाहते. त्याची रचना सांध्यांत असते.