मस्टरवरचा अंगठा

बाहत्तरच्या दुष्काळात मी दहा-अकरा वर्षांचा होतो. आई खडी फोडायला जायची. सुकडी मिळेल म्हणून मीही तिच्यामागं जायचो. रेशनला लाल मिलो यायचा, त्याची भाकरी घशाखाली उतरायची नाही. आज नातवंडांना हे सांगतो, तर त्यांना गोष्टच वाटते. दाखवायला एक फोटो नाही. आईचा मस्टरवर अंगठा असेल, तेवढाच पुरावा.

मागं पोरानं मोबाईलवर सुनील जाना यांचे फोटो दाखवले. १९४३ सालच्या बंगालच्या दुष्काळाचे. जाना तेव्हा पंचविशीतले, कलकत्त्यात शिकलेले. कम्युनिस्ट पक्षाचे पी. सी. जोशी त्यांना आणि चित्रकार चित्तप्रसाद यांना खेड्यापाड्यांत घेऊन गेले. ते फोटो मुंबईहून निघणाऱ्या 'पीपल्स वॉर' या पक्षाच्या पत्रात छापून आले.

तिथं भात अजिबात पिकलाच नव्हता, असं नाही. महायुद्ध चालू होतं. ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला, तिकडचा तांदूळ बंद झाला. मेदिनीपुराकडं वादळानं पिकं झोपवली. सरकारनं किनाऱ्याकडच्या होड्या काढून घेतल्या. भाव असे चढले, की गरिबाच्या हाताला तांदूळ लागेना. भूक आणि रोगराईनं सुमारे तीस लाख माणसं मेली, असं मानतात. तरी सरकारनं कायद्यानं दुष्काळ जाहीर केला नाही. कागदावर दुष्काळ नव्हता, जानांच्या फोटोत होता. त्या फोटोंची किंमत मला इथं कळली.

फोटो काळेपांढरे. माती, चिंध्या, कातडी, सगळं एकाच रंगाचं होऊन जातं. नजर दुसरीकडं रेंगाळत नाही, सरळ बरगड्यांवर जाते. पहिल्यांदा मला रागच आला. माणूस मरतोय आणि हा फोटो काढतोय! पण चार दिवस विचार केला. त्यांनी नजर फिरवली असती, तर ही माणसं मेल्यावर हिशेबातूनही गेली असती. तरी एक गोष्ट सलतेच. मी पाहिलेल्या फोटोंखाली गावाचं नाव आहे, साल आहे. माणसाचं नाव नाही.

थोरल्या अक्कानंही आईसंगं खडी फोडलेली. तिला ते फोटो दाखवले. तिनं मोबाईल डोळ्यांजवळ धरला, बराच वेळ बघितलं.

"डोळं तसंच हायत रं," ती म्हणाली. "आपला कुनी काढला न्हाई."

म्हणून हे लिहून ठेवतोय. आईचं नाव सोनाबाई.